काचबिंदू: वजाबाकीतला न मोजलेला आकडा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातल्या पुनरुक्ती कमी केल्या आहेत, बाकी मजकूर तसाच ठेवलाय.)

आजचा विषय काचबिंदू, म्हणजे ग्लॉकोमा. सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे आज औषधांचा सल्ला नाही. आज बोलायचंय मोजमापाबद्दल. एखादी गोष्ट मोजतात कशी, मोजलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, आणि मोजताच येत नसेल तर लोक काय जुगाड करतात, याबद्दल.

ज्यांच्या घरात काचबिंदूचा पेशंट आहे त्यांना 'डोळ्याचं प्रेशर' हा शब्द पाठ असतो. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग फाईलवर दोन आकडे, उजवा डोळा इतका, डावा इतका. २१ च्या आत असलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण काही पेशंटच्या बाबतीत विचित्र घडतं. प्रेशर १४, कधी १५, पाच वर्षांच्या फायलीत एकदाही २१ च्या वर गेलेलं नाही, आणि तरी डोळ्यामागची नस हळूहळू खराब होत चाललीय. याला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात. घरच्यांचा प्रश्न अगदी सरळ असतो, "डॉक्टर, प्रेशर नॉर्मल आहे ना, मग नजर का जातेय?"

हे प्रकरण क्वचितचं आहे असं समजू नका. जपानमधल्या ताजिमी शहरात चाळिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ज्यांना प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदूचा नेहमीचा प्रकार सापडला, त्यांच्यातल्या ९२ टक्के लोकांचं प्रेशर २१ किंवा त्याहून कमी होतं. सगळ्या देशांत हे प्रमाण इतकं नसतं. पण नुसतं प्रेशर मोजून काचबिंदू पकडायला गेलात तर किती जण निसटतील, याचा अंदाज येतो.

२१ हा आकडा आला कुठून?

डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. येणं आणि जाणं यांच्या ताळमेळातून दाब ठरतो. तो मोजतात मिलिमीटर पाऱ्यात, आपल्या बीपीसारखाच. निरोगी लोकांची सरासरी १५-१६ च्या आसपास येते. त्यात दोन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवली की साधारण २१. म्हणजे २१ ही आकडेशास्त्रातली रेघ आहे. अमुक दाबाला नस तुटते अशी शरीराने ठरवलेली मर्यादा ती नव्हे.

आता ही नस बाहेर कशी पडते ते बघू. पडद्यावरून निघालेले दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडतात. तिथे भोक मोकळं नसतं, एक चाळणी असते. लॅमिना क्रिब्रोसा तिचं नाव. जाडी एक मिलिमीटरच्याही आत. काचबिंदूत तंतूंना इजा होते ती मुख्यतः या चाळणीपाशी. चाळणी मागच्या बाजूला ढकलली जाते, खोलगट होते, आणि तिच्यातून जाणारे तंतू चिमटले जातात.

चाळणीच्या पुढे डोळ्याचा दाब आहे हे आपल्याला माहीत आहे. पण तिच्या मागे काय आहे? मागे हवा नाही, पोकळी नाही. मेंदूभोवती जे पाणी असतं, सीएसएफ, तेच पाणी या नसेच्या आवरणातून थेट डोळ्याच्या पाठीपर्यंत आलेलं असतं. म्हणजे कवटीतला दाब चाळणीला मागून पुढे ढकलत असतो.

चाळणीवर पडणारा खरा भार म्हणजे दोन दाबांमधला फरक. डोळ्याचा दाब वजा कवटीचा दाब. डोळ्यात १५ आणि कवटीत १२ असेल तर फरक ३. डोळ्यात तेच १५, पण कवटीत फक्त ७ असेल तर फरक ८. फाईलवर दोघांचाही आकडा १५. दोघंही 'नॉर्मल'. चाळणीच्या दृष्टीने मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

रशियन नेत्रतज्ज्ञ व्होल्कोव्ह यांनी १९७६ मध्येच ही कल्पना मांडली होती. नंतर ती बरीच वर्षं पडून राहिली, आणि त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. वजाबाकीतला पहिला आकडा मिळतो ओपीडीत, दोन मिनिटांत. दुसरा मिळवायला सुई लागते.

सुई, आणि तिच्यामुळे येणारी अडचण

कवटीचा दाब मोजायचा पक्का मार्ग म्हणजे कवटीला छिद्र पाडून सेन्सर किंवा नळी आत घालणं. डोक्याला जबर मार लागलेल्या, आयसीयूमधल्या पेशंटला हे करतात. दुसरा मार्ग लंबर पंक्चर, ज्याला घरी आपण 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतो. पेशंटला कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात आणि पाण्याचा दाब बघतात. नंतर कित्येकांना दोन-तीन दिवस डोकेदुखी होते. स्वतःच्या पायांनी ओपीडीत आलेल्या, काहीही न दुखणाऱ्या काचबिंदूच्या पेशंटला हे कोण करणार? आणि दर तीन महिन्यांनी तर नाहीच नाही.

तरीही आकडे मिळवले गेले. अमेरिकेत जॉन बर्डल आणि सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकच्या जुन्या नोंदी चाळल्या. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी ज्यांचं लंबर पंक्चर झालं होतं अशा हजारो लोकांमधून काचबिंदू असलेले निवडले. २००८ मध्ये निष्कर्ष आला. काचबिंदूच्या २८ जणांचा सरासरी दाब ९.२, आणि काचबिंदू नसलेल्या ४९ जणांचा १३.०. मग २०१० मध्ये बीजिंगच्या गटाने ठरवून, पुढे बघत अभ्यास केला. तिथे नॉर्मल टेन्शनवाल्यांचा दाब सर्वांत कमी आला, ९.५. डोळ्याचं प्रेशर जास्त असलेल्यांचा ११.७ आणि तुलनेसाठी घेतलेल्यांचा १२.९.

आकडे बोलके आहेत, पण एक गोष्ट लक्षात घ्या. 'तुलनेसाठी घेतलेले' लोक कोण? ज्यांचं काही ना काही कारणाने लंबर पंक्चर करावं लागलं, ते. ठणठणीत माणसाच्या पाठीत कुणी सुई घालत नाही. म्हणजे सुईने मोजायचं ठरवलं की सॅम्पल आपोआप वाकडं होतं. हा डॉक्टरांचा दोष नाही, पद्धतीचीच मर्यादा आहे. म्हणूनच सुईविना मोजणं हा केवळ पेशंटच्या सोयीचा मुद्दा राहत नाही. ते जमल्याशिवाय मूळ प्रश्नाचं उत्तरच नीट मिळणार नाही.

फॉर्म्युलाचा रस्ता, व्हाया नागपूर

मोजता येत नसेल तर आपण इंजिनिअर लोक काय करतो? अंदाज बांधतो. हाताशी असलेल्या आकड्यांवरून नसलेला आकडा काढतो. इथेही तेच झालं. बीजिंगमध्ये लंबर पंक्चर झालेल्या पेशंटच्या आकड्यांवरून एक समीकरण बसवलं गेलं. तोंडी सांगते:

कवटीचा दाब = ०.४४ गुणिले बीएमआय, अधिक ०.१६ गुणिले खालचं बीपी, वजा ०.१८ गुणिले वय, वजा १.९१.

हे समीकरण आपल्या महाराष्ट्रातल्या आकड्यांवरही चालवलं गेलंय. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नावाचा मोठा अभ्यास नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झाला. नागपूरचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. ४७११ लोकांची तपासणी झाली. गावाकडच्या इतक्या लोकांची इतकी बारकाईने केलेली डोळे तपासणी ही फार मोलाची गोष्ट आहे, हे आधी मान्य करू. २०१३ मध्ये त्या आकड्यांवर हे समीकरण लावून वजाबाकी केली. निष्कर्ष असा, की ओपन अँगल काचबिंदूशी नुसत्या डोळ्याच्या प्रेशरपेक्षा या वजाबाकीचा संबंध जास्त चांगला जुळतो.

ऐकायला छान वाटतं. पण आता समीकरण उघडून बघू. साठीचा माणूस घ्या, बीएमआय २२, खालचं बीपी ८०. ९.६८ अधिक १२.८, वजा १०.८, वजा १.९१. उत्तर ९.७७. आता बाकी सगळं तेच ठेवून वय फक्त ४० करा. उत्तर येतं १३.३७. वीस वर्षांच्या फरकाने ३.६ चा फरक पडला. मेयो क्लिनिकच्या दोन गटांमधला फरक आठवतोय? ३.८. जवळजवळ तेवढाच!

मुद्दा लक्षात आला असेल. काचबिंदू वयाबरोबर वाढतो हे आधीच माहीत आहे. खालचं बीपी कमी असणाऱ्यांना धोका जास्त, असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आता वय आणि बीपी एका समीकरणात घातलं, त्या बेरजेला 'कवटीचा दाब' असं नाव दिलं, आणि मग म्हटलं की याचा काचबिंदूशी संबंध दिसतो. दिसणारच! संबंध कवटीच्या दाबाचा आहे की वयाचा आणि बीपीचा, हे त्या आकड्यातून वेगळं कसं काढणार? मशीन लर्निंगवाल्या मित्रांना हे ओळखीचं वाटेल. मॉडेलला नवी माहिती काहीच मिळालेली नाही, जुनीच माहिती नव्या नावाने दिलीय.

शोधनिबंध लिहिणारेही याला 'अंदाजित' दाबच म्हणतात, यात लपवाछपवी काही नाही. हजारो लोकांच्या गटात दिशा शोधायला असं समीकरण उपयोगी पडतं. पण एका पेशंटला समोर बसवून "तुमच्या कवटीचा दाब ९.७७ आहे" असं ते सांगू शकत नाही. त्याच वयाचे, वजनाचे, बीपीचे दोन शेजारी घ्या, एकाला काचबिंदू, एकाला नाही. समीकरण दोघांना एकच आकडा देणार.

तराजूचा रस्ता, व्हाया लिथुआनिया

आता खऱ्या मोजमापाकडे येऊ. मला या विषयातला सगळ्यांत आवडलेला भाग हाच.

आधी बीपीचा पट्टा आठवा. रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची पद्धत आणली, आणि १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायला शिकवलं. त्यातली युक्ती काय? आतला दाब माहीत नाही, म्हणून बाहेरून माहीत असलेला दाब लावायचा, आणि तोल कधी होतो ते बघायचं. भाजीवाल्याच्या दोन पारड्यांच्या तराजूसारखं. एका पारड्यात वस्तू, दुसऱ्यात वजनं. काटा मध्ये आला की वजन कळलं.

लिथुआनियातल्या कौनस शहरातल्या तंत्रज्ञान विद्यापीठात आर्मिनास रागाउस्कास यांच्या गटाने हीच युक्ती कवटीसाठी वापरली. पण कवटीला पट्टा बांधून काय उपयोग, हाड दबत नाही. मग तराजू टांगायचा कुठे? तर डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर, ऑफ्थॅल्मिक आर्टरीवर. ही धमनी कवटीच्या आत सुरू होते, हाडातल्या बोगद्यातून डोळ्याच्या खोबणीत येते. म्हणजे एकाच धमनीचा एक तुकडा कवटीत आणि पुढचा तुकडा बाहेर. आतल्या तुकड्याला चहूबाजूंनी कवटीचा दाब दाबतोय. बाहेरच्या तुकड्याला डोळ्याभोवतालच्या मऊ भागाचा दाब.

पेशंट उताणा झोपतो. मिटलेल्या पापणीवर डॉपलरचा प्रोब ठेवतात आणि डोळ्याभोवती हवेने फुगणारं एक मऊ कडं. प्रोब दोन वेगवेगळ्या खोलींवरून रक्ताचा वेग ऐकतो. हे कसं जमतं? आवाज शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. समजा एक तुकडा ५० मिलिमीटरवर आणि दुसरा ६० वर आहे. पहिल्याचा प्रतिध्वनी ६५ मायक्रोसेकंदांनी येईल, दुसऱ्याचा ७८ ने. त्या-त्या क्षणी आलेला सिग्नल तेवढा उचलायचा. म्हणून या पद्धतीला टू-डेप्थ, म्हणजे दोन खोलींचं डॉपलर म्हणतात.

सुरुवातीला दोन तुकड्यांमधले रक्ताचे ठोके वेगळे दिसतात, कारण बाहेरचा दाब वेगवेगळा. मग कड्यातली हवा थोडी-थोडी वाढवत न्यायची. एका टप्प्यावर दोन्हीकडचे ठोके सारखे होतात. काटा मध्ये आला! त्या क्षणी कड्यातला दाब म्हणजेच कवटीचा दाब.

यातलं सौंदर्य हे, की पेशंटचं बीपी किती, वय किती, धमनी किती कडक, याने फारसा फरक पडत नाही. कारण या सगळ्याचा परिणाम दोन्ही तुकड्यांवर सारखाच होतो, धमनी एकच आहे ना. त्यामुळे आधी सुई घालून त्या माणसापुरतं यंत्र जुळवून घ्यायची गरज राहत नाही. तराजूला गिऱ्हाईक कोण आहे हे माहीत असावं लागत नाही, तसंच हे.

२०१२ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या जर्नलमध्ये त्यांनी ६२ पेशंटमधलं हे मोजमाप लंबर पंक्चरशी ताडून दाखवलं. सरासरी चूक जवळपास शून्य, ०.१२. वर-खाली होणं, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, २.१९. पुढे कौनसच्याच नेत्रविभागाने हे यंत्र काचबिंदूच्या पेशंटवर वापरलं. तो अभ्यास छोटा होता, एकूण २७ जणांचा.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाची जाडी सोनोग्राफीने मोजतात. कवटीचा दाब खूप वाढला की आवरण फुगतं, त्यामुळे अपघाताच्या पेशंटमध्ये याचा उपयोग होतो. कानाच्या पडद्याच्या हालचालीवरून अंदाज बांधायची पद्धत आहे, एमआरआयवरची गणितं आहेत. यातल्या बहुतेक पद्धती 'दाब धोकादायक वाढलाय का' या प्रश्नासाठी आहेत. काचबिंदूला हवाय उलटा प्रश्न: दाब १२ आहे की ८?

दोन चुकांची वजाबाकी

आता जरा कडू भाग. वजाबाकी करताना आकडे वजा होतात, चुका होत नाहीत. डोळ्याच्या मोजमापात समजा २ ची वर-खाली आहे आणि कवटीच्या मोजमापात २.१९ ची. फरकातली वर-खाली येते वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ३. आणि आपण शोधतोय ३-४ चा फरक. गटांची तुलना करायला हे चालेल. एका पेशंटच्या एका मोजमापावरून निष्कर्ष काढायला नाही चालणार. पुन्हा-पुन्हा मोजून सरासरी काढली तर यादृच्छिक चूक कमी होते. आणि पुन्हा-पुन्हा मोजणं सुईने शक्य नाही, तराजूने आहे.

दुसरी गुंतागुंत म्हणजे शरीराची स्थिती. माणूस उभा राहिला किंवा बसला की कवटीतला दाब बराच खाली येतो. आडवा झाला की वाढतो. आडवं झाल्यावर डोळ्याचा दाबही वाढतो, पण दोन्ही सारख्या प्रमाणात नाही. म्हणजे वजाबाकी दिवसभर बदलत असते. डोळ्याचं प्रेशर खुर्चीवर बसून मोजलं आणि कवटीचा दाब झोपवून, तर ही वजाबाकी दोन वेगळ्या परिस्थितींमधली झाली.

स्वीडनमधल्या उमेओच्या गटाने नेमकं हेच तपासलं. नॉर्मल टेन्शन काचबिंदूचे १३ पेशंट, ११ निरोगी स्वयंसेवक, आणि तीन स्थिती: बसून, झोपून, आणि डोकं किंचित खाली ठेवून. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: पेशंटचा कवटीचा दाब कमी असल्याचा पुरावा कुठल्याही स्थितीत मिळाला नाही. बीजिंग म्हणतं कमी आहे, उमेओ म्हणतं नाही. दोघांकडचे नॉर्मल टेन्शनचे पेशंट मिळूनही तीसच्या आत. हा वाद सोडवायला शेकडो लोक लागतील, निरोगी लोकही लागतील, आणि शेकडो निरोगी लोक सुईसाठी कोण देणार?

मग पेशंटला काय मिळणार?

एक उदाहरण देते. डायमॉक्स, म्हणजे असिटाझोलामाइड, ही गोळी काचबिंदूच्या घरांत माहीत असते. ती डोळ्याचा दाब कमी करते. हीच गोळी कवटीचा दाब वाढलेल्या पेशंटला तो कमी करण्यासाठीही देतात. वजाबाकीतले दोन्ही आकडे खाली! मग चाळणीवरचा निव्वळ भार कमी झाला की नाही? आज आपण फक्त पहिला आकडा बघून 'औषध लागू पडलं' म्हणतो. दुसरा आकडा मिळाला तर हा प्रश्न निदान विचारता तरी येईल.

आणि हे ऐकून कुणीही औषध बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती. आज सिद्ध झालेला उपचार एकच आहे, डोळ्याचं प्रेशर कमी करणं. ते नॉर्मल टेन्शनमध्येही उपयोगी पडतं. १९९८ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत ज्यांचं प्रेशर ३० टक्क्यांनी उतरवलं त्यांच्यातल्या १२ टक्के डोळ्यांत आजार वाढला. उपचार न केलेल्यांत ३५ टक्के. वजाबाकीच्या हिशोबानेही ते पटतं. कवटीचा आकडा आपल्या हातात नसेल, तर हातात असलेला आकडा खाली आणायचा.

पण त्या १२ टक्क्यांकडे बघा. प्रेशर उतरवलं, थेंब वेळेवर घातले, तरी आजार पुढे गेला. त्यांचं काय चुकलं हे आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत उत्तर चाळणीच्या पलीकडे असेल, नसेलही. ते ठरवायला मोजावं लागेल, आणि ज्याला काही दुखत नाही अशा माणसाला न दुखवता मोजावं लागेल.

तोपर्यंत घरच्यांसाठी कामाच्या दोन गोष्टी. एक, चाळिशीनंतर डोळे तपासायला गेलात तर फक्त प्रेशर मोजून परत येऊ नका. "नस बघितली का?" एवढं विचारा. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर नक्कीच विचारा. दोन, फाईलवर १५ लिहिलेलं असलं तरी डॉक्टर थेंब चालू ठेवा म्हणत असतील, तर ते उगाच म्हणत नाहीयेत.

या भागावर काही प्रश्न असतील, किंवा नेत्रतज्ज्ञ मंडळींपैकी कुणाला काही भर घालायची असेल, तर जरूर लिहा. विशेषतः कुणी दोन खोलींचं डॉपलर प्रत्यक्ष वापरलं असेल तर त्यांचा अनुभव ऐकायला फार आवडेल. भेटू पुढच्या भागात.